मुंगीचं पाऊल

चमकी लावलेलं कार्ड मला सहन होत नाही. हातात घेतलं की ती बोटांना लागते, बोटांवरून गालाला लागते, आणि पुढचे तीन दिवस माणूस नाटकातून पळून आल्यासारखा दिसतो. मी बावीस वर्षं हातानं कार्डं करतेय. कुणाला बाळ झालं, कुणाचं लग्न ठरलं, कुणी नोकरीतून निवृत्त झालं, कुणी मोठ्या आजारातून उठलं, सगळ्यांसाठी करते. पण चमकी नाही, प्लास्टिकची फुलं नाहीत, आणि आत छापील कविता तर नाहीच नाही. गिऱ्हाइकानं हट्ट धरला तर सरळ सांगते, कोपऱ्यावरच्या दुकानात जा, तिथं रांगेनं लावून ठेवलीत. नवरा म्हणतो, "तू कार्डं करतेस की माणसं सुधारतेस?"

हे आधी सांगितलं, कारण माझा तोरा केवढा होता ते कळल्याशिवाय माझी लाज कळायची नाही.

मागच्या खोलीत खिडकीला लागून माझं टेबल आहे. दर शनिवारी तिथं सात-आठ बायका शिकायला येतात. त्यांना मी पहिल्या दिवशी शिकवते ती पाण्याची कड. कागद कात्रीनं कापला की कड कोरडी, दुकानी दिसते. त्याऐवजी ओल्या ब्रशनं रेघ ओढायची, क्षणभर थांबायचं आणि कागद त्या रेघेवर हलकेच फाडायचा. कड कापसासारखी मऊ येते. फक्त त्याआधी शाई तपासायची. ओलं बोट कोपऱ्यावर टेकवायचं. रंग बोटाला आला तर त्या कागदाला पाणी दाखवायचं नाही. "शाई तपासल्याशिवाय पाणी नाही", असं मी माझ्या वळणदार अक्षरात लिहून भिंतीवर लावलंय.

दुसरी एक युक्ती मी शिकवायचे, ती बाळाच्या पावलाची. बाळाच्या कार्डावर पाऊल हवंच असतं, पण नमुन्याच्या कार्डासाठी बाळ कुठून आणणार? मग मूठ आवळायची, करंगळीकडची बाजू शाईच्या पॅडवर दाबायची आणि कागदावर टेकवायची. हुबेहूब तळपाय उमटतो. वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके दिले की पाऊल तयार. नमुन्याला एवढी लबाडी चालते, सगळेच करतात. कार्ड कुणासाठी करायचं असेल तर मात्र त्या बाळाचं खरं पाऊल घ्यायचं, ही माझी पद्धत. होती.

माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली ती सात आठवडे आधीच. एवढीशी, की भावानं तिला बघितल्या बघितल्या "मुंगी" म्हटलं आणि तेच नाव पडलं. जन्मल्याबरोबर तिला काचेच्या पेटीत ठेवलं. पेटीत ठेवण्याआधी एका नर्सनं काय मनात आलं कोण जाणे, टेबलावरच्या शिक्क्याच्या जांभळ्या शाईत तिचा पाय बुडवला आणि एका पातळ चिठ्ठीवर टेकवला. खाली तारीख घातली आणि ती चिठ्ठी माझ्या भावजयीच्या हातात दिली. पुढचे एकोणीस दिवस भावजयीला लेकीला उचलून घेता आलं नाही. त्या एकोणीस दिवसांत तिच्या हाताला लेकीचं म्हणून जे काही लागलं, ते तेवढंच.

माझी भावजय मुळातच कमी बोलणारी. औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, तिथं बोलून बोलून घरचे शब्द संपतात असं भाऊ चिडवतो. मुंगी घरी आली तेव्हा मी भेटायला गेले, आणि ती चिठ्ठी मला दवाखान्याच्या फाइलमध्ये दिसली, चार घड्या घालून ठेवलेली. माझ्यातली कारागीर लगेच खडबडून जागी झाली.

"हे असं ठेवतात होय? आण इकडे. मी छान कार्ड करून देते. घड्यांचं, पंख्यासारखं उघडणारं. पहिल्या घडीवर हे पाऊल, मग दर वाढदिवसाला एकेक घडी जोडू."

"ताई, राहू दे ना तसंच."

"अगं, घड्या घालून घालून फाटेल एक दिवस. मग रडत बसशील."

तिनं चिठ्ठी दिली. देताना म्हणाली, "जपा हं. एकच आहे."

मला केवढा राग आला. "मला सांगतेस जपायला?" असं मी म्हटलं, हसत म्हटलं, पण म्हटलंच.

चारच दिवसांनी सकाळी मी ते काम घेतलं. चिठ्ठीची वरची बाजू नर्सनं लिहायच्या पॅडवरून टरकावलेली, वेडीवाकडी होती. तिला पाण्याची कड द्यावी असं ठरवलं. तेवढ्यात फोन आला. एक बाई आईच्या सत्तरीच्या कार्डावर चमकी मागत होत्या. फोन खांद्यात धरून मी त्यांना चमकीवर व्याख्यान देत होते, आणि देता देता ब्रश ओला करून चिठ्ठीवर रेघ ओढली. शाई तपासली नाही. भिंतीवर माझंच अक्षर माझ्याकडे बघत होतं.

पातळ कागद पाणी पितो म्हणजे कसा पितो ते मी दुसऱ्यांना शिकवते. आधी बोटं विरघळली, मग तळवा पसरला. मी टीपकागद दाबला, तर त्याबरोबर उरलेलंही निघून आलं. दोन मिनिटांत पावलाचा जांभळा डाग झाला. तारीख तेवढी वाचली, नर्सचं पेन चांगलं होतं.

मी आधी त्या चमकीवाल्या बाईंवर रागावले. मग नर्सवर, मग शिक्क्याच्या शाईवर, मग असला कागद बनवणाऱ्यांवर. सगळ्यांवर रागावून झाल्यावर खोलीत उरले मी एकटीच. भावजयीला सांगायला फोन उचललासुद्धा. पण "जपा हं" आठवलं, आणि त्यावर मी दिलेलं उत्तर आठवलं, आणि मी फोन खाली ठेवला. त्या क्षणी सांगितलं असतं तर ती रडली असती, मी रडले असते, आणि प्रकरण चुकीवर मिटलं असतं. चूक माणसाकडून होते. पण मी जे पुढे केलं ते आपोआप झालं नाही, त्याला अख्खी दुपार लागली.

तसलाच पातळ कागद शोधला. शिक्क्याची जांभळी शाई आणली. मूठ आवळली. मुंगीचं पाऊल फारच लहान होतं, म्हणून मुठीची सगळी बाजू न टेकवता मधलाच भाग टेकवला. बोटांना माझी करंगळीही मोठी पडली, तेव्हा काडीला कापूस गुंडाळून ठिपके दिले. अंगठा कुठल्या बाजूला होता तेच आठवेना. शेवटी अंदाजानं दिला. सतरा कागद फुकट गेले, अठरावा जमला. नर्सचं अक्षरही उचललं. माझा हात चांगला आहे, ही गोष्ट मला आयुष्यात एकदाच नकोशी झाली ती त्या दुपारी.

डाग पडलेली चिठ्ठी फेकवेना. कागदाच्या कपट्यांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात तळाशी सारली.

कार्ड दिलं त्या दिवशी भावजयीनं पहिली घडी उघडली आणि पावलाच्या कडेकडेनं, शाईला न लागता, बोट फिरवलं. भाऊ वाकून बघत म्हणाला, "टाच बघ, टाच! अगदी बाबांची." माझ्या मुठीत त्याला बाबांची टाच दिसली. एका अर्थी खरंच होतं, मूठही बाबांच्याच लेकीची. मला हसू यायला हवं होतं. भावजय कधी कुणाला मिठी मारत नाही, ती मला बिलगली आणि कानात म्हणाली, "मी उगाच भीत होते, ताई."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

त्यानंतर दर वाढदिवसाला मायलेकी माझ्याकडे यायच्या. मी नवी घडी तयार ठेवायचे, मुंगीच्या पायाला शाई लावून त्यावर ठसा घ्यायचे आणि घडी कार्डाला जोडायचे. भावजय दर वेळी आधी पहिली घडी उघडायची. "बघ, एवढीशी होतीस." नेमकं तेव्हाच मला चहाचं आधण आठवायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. तिनं ते कार्ड दुकानातल्या, शेजारच्या, येईल त्या बाईला दाखवलं. माझ्याकडे माणसं येऊन म्हणायला लागली, आम्हाला मुंगीच्या कार्डासारखं हवं. मी मान डोलवून माप घ्यायचे. मुठीची युक्ती शिकवणं मात्र बंद केलं, आणि खिडकीतली नमुन्याची कार्डं काढून टाकली.

दुसऱ्या वर्षी न राहवून नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला, मग माझं तोंड बघून थांबला. म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. आता उघडू नकोस, पोरीच्या आईचं मन मोडेल." थट्टा सुचतेच कशी म्हणून मी त्याच्या अंगावर ओरडले. सल्ला मात्र पाळला. त्यात भावजयीच्या मनाची काळजी किती आणि माझ्या नाकाची किती, हे मी स्वतःला विचारलं नाही.

पाचव्या वाढदिवसाला दोघी दुपारी आल्या. भाऊ केक घेऊन मागून येणार होता. मी नव्या घडीला पाण्याची कड देत होते, भावजय खुर्चीत बसून कार्डावरची धूळ पुसत होती, आणि मुंगी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शाईच्या पॅडशी खेळत होती.

"आत्या, बघ. बाळ आलं!"

मी वळले. तिच्यासमोरच्या कागदावर एक छोटंसं पाऊल होतं. वर पाच ठिपके.

"आमच्या बाईंनी शिकवलं," मुंगी म्हणाली. "मूठ अशी घट्ट करायची, मग इकडून दाबायची. मग बोटं काढायची. आम्ही सगळ्यांनी केलं."

भावजय हसली. "अगंबाई, खरंच की पाऊल!"

माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. मुंगीनं आईच्या मांडीवरून कार्ड ओढलं, पहिली घडी उघडली आणि आपला कागद शेजारी ठेवला. मुलं बघतात म्हणजे किती बघतात! एकदा इकडे, एकदा तिकडे, नाक कागदाला लावून.

"आई, हे पण मुठीचं आहे."

"नाही गं राणी. ते तुझं पाऊल आहे, दवाखान्यातलं."

"नाही, मुठीचं आहे. ही बघ रेघ. मूठ मिटली की इथं रेघ येते. माझ्यात पण आलीय."

"मुंगे, पुरे."

"आहेच मुळी मुठीचं!"

भावजय कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. पण तिचा चेहरा कडक झाला. त्या कार्डाबद्दल ती कुणाचं काही ऐकून घेत नसे, लेकीचंही नाही. "असं बोलायचं नाही. आत्यानं किती जपून केलंय ते. आत्या खोटं पाऊल काढेल का? सॉरी म्हण आत्याला."

मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याची मला पाच वर्षांची सवय होती. केक येणार होता, पाय शाईत बुडणार होता, आणि मूठ पुन्हा झाकली जाणार होती.

मुंगीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तिला वाटलं असणार की आत्या तरी सांगेल, आत्याला यातलं कळतं. मी काही सांगितलं नाही. मग ती म्हणाली, "सॉरी, आत्या." आणि आपली जांभळी मूठ समोर धरून बघत बसली. उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. तिला समोर दिसत होतं ते खरं होतं, आणि आता तिला ते खरं वाटेनासं झालं होतं. पाच वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांवरचा विश्वास मी माझ्या टेबलावर बसून काढून घेत होते.

"तिनं सॉरी म्हणायचं नाही," मी म्हणाले. "ती बरोबर सांगतेय."

"काय?" भावजय अजून अर्धवट हसतच होती.

मी मूठ आवळली, पॅडवर दाबली आणि मुंगीच्या कागदावर टेकवली. तीन पावलं शेजारी शेजारी झाली. मग एका दमात सगळं बोलले. पाण्याची कड, शाई न तपासणं, अठरा कागद, काडीला गुंडाळलेला कापूस, नर्सचं अक्षर. "फोन आला गं नेमका, ती बाई चमकीचं काहीतरी..."

"फोनचं राहू द्या," ती म्हणाली.

तिनं कार्ड आपल्याकडे ओढलं.

"ते कुठंय?"

"काय?"

"तिचं."

मी डबा काढला. पाच वर्षांचे कपटे वर साठले होते. बाळांच्या कार्डांचे, लग्नांच्या कार्डांचे, कुणाकुणाच्या आनंदाचे तुकडे मूठमूठ बाहेर काढले तेव्हा तळाशी ती चिठ्ठी निघाली. भावजयीनं ती दोन्ही हातांत घेतली. जांभळा डाग, खाली तारीख.

"टाच कुठं होती?"

"इथं," मी दाखवलं. "बोटं वरच्या बाजूला."

"अंगठा इकडे होता," ती म्हणाली आणि तिनं बोट ठेवलं. मी कार्डावर दिला होता त्याच्या बरोबर उलट बाजूला. "मला आठवत होतं. तुम्ही कार्ड दिलंत त्याच दिवशी वाटलं, अंगठा इकडे होता की. मग म्हटलं, पेटीसमोर बसून बसून आपलंच डोकं ठिकाणावर नाही. मी स्वतःला खोटं ठरवलं, ताई."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. घेत नाही. आपण तिथंच, त्याच खुर्चीत, हातांना लागलेल्या शाईसकट बसून राहतो.

"कात्री द्या."

मी दिली. तिनं कार्डाची पहिली घडी सरळ, कडेकडेनं कापली. माझ्यासमोर ठेवली. "ही तुमची."

मग गोंदाची बाटली स्वतःच ओढली. तिला या कामाची सवय नाही. गोंद फार घेतला, तो चिठ्ठीच्या कडांतून बाहेर आला. टेबलावरच्या दुसऱ्या एका कोऱ्या घडीवर तिनं तो डाग चिकटवला, तर चिठ्ठी चांगली बोटभर तिरकी बसली, वरच्या कोपऱ्यात सुरकुती पडली. मग ती घडी कार्डाच्या सुरुवातीला जोडली, तीही वर-खाली झाली. बावीस वर्षांत असं वाकडं काम मी या टेबलावरून उठू दिलेलं नाही. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले.

"हे माझं पाऊल?" मुंगीनं विचारलं.

"हो."

"पण हा तर डाग आहे."

"हो. तुझाच आहे."

मुंगीला ते पटलं. तिनं पाय पुढे केला. दर वर्षी तो पाय मी हातात घ्यायचे. त्या दिवशी तिच्या आईनं घेतला, शाई लावली, या वर्षीच्या घडीवर टेकवला, फडक्यानं पुसला. मी कागद धरू का असं विचारलंसुद्धा नाही. भावाचा फोन आला, केक घेऊन खाली उभा आहे. "आम्हीच येतो खाली," भावजय म्हणाली.

दारात ती मुंगीच्या बुटाचे बंद बांधत होती. मुंगीनं माझ्या कपड्याला धरून ओढलं.

"आत्या, मी बरोबर होते ना?"

"हो, बाळा."

"मग तू सॉरी म्हण."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, एवढं सगळं बोलले, पाण्याची कड सांगितली, चमकीवाली बाई सांगितली, पण हा शब्द काही तोंडातून निघाला नव्हता. मी खाली बसले आणि मुंगीला म्हटलं. मग बुटाशी वाकलेल्या तिच्या आईकडे बघून म्हटलं. भावजयीनं मान वर केली नाही. बंदाची गाठ घट्ट केली, उठली आणि म्हणाली, "पॅड उघडंच राहिलंय, ताई. शाई वाळेल."

तिनं कापून दिलेली ती घडी मी भिंतीवर लावली, माझ्या वळणदार अक्षरातल्या नियमाच्या अगदी शेजारी. पहिल्याच शनिवारी एका बाईंनी विचारलं, "किती गोड! कुणाचं पाऊल हे?" मी "नमुना आहे" म्हणाले. आठवडाभर लाज वाटत राहिली. पुढच्या शनिवारी दुसरीनं विचारलं, तेव्हा मी मूठ आवळून दाखवली, आणि पुढचं सगळं सांगितलं. फोन वगळून.